बदलीचं कव्हर

"तिथं नको!"

नम्रता एवढ्या जोरात ओरडली की बसायला निघालेला तो माणूस अधांतरीच थबकला. धम्मपाल त्याचं नाव. विमा कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेला सर्व्हेअर. पहिल्याच भेटीत कुणी असं खेकसतं का? पण ती खुर्ची तिच्या बाबांची होती. बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

"उभाच बरा मी," तो हसला. गालाला खळी पडली. नम्रतानं ती पाहिलीच नाही असं दाखवलं.

परळच्या चाळीतल्या त्या खोलीची पार रया गेली होती. वरच्या मजल्यावरच्या शेवंताताई कोरडा नळ उघडा टाकून गावी गेल्या, पहाटे पाणी आलं, आणि नम्रता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला. घरात दुसरं होतंच कोण बघायला? फ्रिज, गादी, कपाट, सगळं भिजलं. खुर्चीचीही गादी कुजून गेली.

"तुमचं कव्हर बदलीचं आहे," यादी करता करता तो म्हणाला.

"बदली? माझे बाबा बदली होते."

"म्हणजे?"

"गिरणीत हो! कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी. रोज गेटवर उभं राहायचं, बोलावलं तरच आत. शेवटपर्यंत कायम झालेच नाहीत."

"मग हेही तसंच की. फ्रिज गेला, त्याच्या जागी तसाच नवा. पण आधी तुम्ही नवा घ्यायचा, बिल द्यायचं, मग पूर्ण पैसे. नाही घेतलात, तर वापरलेल्या वर्षांची झीज कापून मिळतात. आणि जुना आम्ही नेतो."

"नेता?" तिचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. "मग हिला खोडा यादीतून."

"हिचं काहीच मिळणार नाही मग..."

"नको मला."

त्यानं ओळ खोडली.

"आणि माणसाच्या जागी...?" ती उगाच बोलून गेली.

"त्याला कव्हर नाही," तो हळूच म्हणाला.

नवा फ्रिज आला, गादी आली. आणि त्याचे फोन! बिलावरची तारीख दिसत नाही, फोटो परत पाठवा...

"चांगली ठळक आहे की!"

"हो... आता दिसली."

लबाड मेला! पण एक दिवस मेसेज आला, क्लेम मंजूर, फाइल बंद. फोनही बंद. खोली खायला उठली. बाबा असल्यापासूनच्या सवयीनं ती दोन कप चहा टाकायची आणि एक मोरीत ओतायची. आधी फक्त बाबांची आठवण यायची, आता भरीला हा!

रविवारी सकाळी दारात धम्मपाल उभा. एका काखेत फोम, दुसऱ्या काखेत हिंदमाता मार्केटमधून आणलेलं निळं कापड.

"फाइल बंद झाली. आता मी कंपनीचा माणूस नाही... म्हणून आलो. खुर्ची तीच राहू दे. नुसती गादी नवी भरू."

तिनं दार सताड उघडलं. "आत या ना..."

तो उंबऱ्याबाहेरच. "गेटवर उभा आहे. बोलावलं तर येतो."

"बदलीवर?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"छे! त्यांची जागा मी कशी घेणार? दुसरी एखादी रिकामी असेल तर बघा..." कान लालबुंद झाले होते त्याचे. "कायमची."

नम्रतानं बाबांची खुर्ची पुढे ओढली.

"बस."

"तिथं?"

"तिथंच."

तो जपून टेकला. खुर्ची कुरकुरली, पण टिकली. तिनं दोन कप चहा टाकला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मोरीत काही ओतावं लागलं नाही.

"चहाची पहिली पाळी सातला भरते हं," त्याच्या हातात कप देत ती म्हणाली. "उद्या उशीर केलास तर खाडा पडेल."