जुन्या स्प्रिंगा गेल्या कुठे?

"खिडकीशी मी बसणार!" ढापण्या ओरडला.

"तू मधे! खिडकी माझी. आमची जीप आहे!" चिंगीने मावसभावाला निकाल देऊन टाकला.

उद्या सकाळी डोंगरापलीकडच्या तळ्यावर मुक्काम! अख्खी सुट्टी चिंगीचे बाबा आणि त्यांचे मित्र जंगलकाका त्या जुन्या जीपखाली लोळत होते. जंगलकाका जंगलात कधी गेलेले नव्हते, फक्त बोलायचे. दोघांनी भंगारातून एका मालवाहू गाडीच्या स्प्रिंगा उचलल्या होत्या. का? तर उंच होत्या! आपल्या गाडीचं वजन किती, तिला स्प्रिंग किती कडक हवी, हे बघायला वेळ कुणाला होता? परवा जीप बेडकासारखी उडाली आणि ढापण्याचा चष्मा फुटता फुटता वाचला. तेव्हा आईने ठणकावलं, "हिच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवा, नाहीतर मुलं येणार नाहीत."

आज जीप लोण्यासारखी चालली.

"बसवल्या नव्या!" बाबा म्हणाले.

"खरंच, बाबा?"

"तुझी शपथ!" त्यांनी चिंगीच्या डोक्यावर हात ठेवला. चिंगीला एकदम भारी वाटलं.

दुपारी ढापण्याने मात्र किडा सोडलाच. "नव्या बसवल्या ना? मग जुन्या कुठे गेल्या?"

दोघांनी गॅरेज पालथं घातलं. जुन्या स्प्रिंगा नाहीत, नव्यांचं खोकं नाही. कोपऱ्यात लोखंड तापवायची गॅसची टॉर्च आणि काळ्या रंगाचा ओला ब्रश तेवढा होता. चिंगी जीपखाली सरपटली. भंगारातल्या स्प्रिंगा बसवताना, डावी कुठली ते कळावं म्हणून तिनेच कानशीने टोकाला खाच पाडली होती. तिने नखाने रंग खरवडला. खाच तिथेच होती! वरच्या वेढ्यांवर जळकट निळे डागही होते.

"याच तापवून मऊ केल्यात!" ती कशीबशी म्हणाली.

"मग काय बिघडलं?"

चिंगीने पेनातली स्प्रिंग काढली, चिमट्यात धरून शेगडीवर लाल केली आणि गार झाल्यावर दाबली. ती दबली ती दबलीच. ढापण्याचा चेहरा उतरला. उद्या घाटातल्या खड्ड्यांत, मागच्या सीटवर तेच दोघे बसणार होते.

संध्याकाळी चिंगी साळसूदपणे म्हणाली, "आई, सामान मावतंय का बघू या ना!"

तंबू, पाण्याचे कॅन, दोघांच्या वजनाइतकी वाळूची पोती, सगळं मागे चढलं. जीप खाली बसली.

"वजन पडलं की बसणारच!" जंगलकाका हसले.

"मग आता उतरवू या," चिंगी म्हणाली.

सगळं उतरवलं. जीप उठलीच नाही! सकाळी चाक आणि पत्रा यांच्यामध्ये अख्खी मूठ जात होती, आता बोटही जाईना. ढापण्याने खाच दाखवली, डाग दाखवले. काकांना अचानक घरचं काम आठवलं.

"मला वाटलं, एवढ्या एका फेरीला चालून जाईल," बाबा पुटपुटले.

आईने दोघांना जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो! तुम्ही होतात म्हणून!"

"माझी पोर आहेच हुशार," बाबाही म्हणाले, पण जीपकडे बघत. "योग्य स्प्रिंगा आल्या की जाऊ हं तळ्यावर. बोल, बक्षीस काय देऊ?"

खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली त्याला भोवते, असं चिंगीने लहानपणापासून ऐकलेलं. ती त्यावर हसायची. आज हसू आलं नाही.

"काही नको," ती म्हणाली. "फक्त परत माझी शपथ घेऊ नका, बाबा."

बाबांनी तिच्या डोक्याकडे हात नेला. चिंगी मागे सरकली आणि पाण्याचे कॅन उचलून आत न्यायला लागली.