खोड सांगून विकलेली गाडी

माकडहाड दुखावलेल्या मुलीने प्रेमात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धड बसता येत नाही, बसलं तर उठताना तोंड वाकडं होतं, आणि समोरच्याला वाटतं आपल्याला बघूनच केलं. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी आर्णीच्या रस्त्याकडेला स्कुटी थांबवून, डोळ्यांतलं पाणी आवरत उभी होते, आणि समोरच्या गॅरेजमधून एकाने स्टूल आणून ठेवलं.

"बसा ना जी."

"बसता आलं असतं तं उभी राह्यली असती काय?" मी फटकन बोलून गेले.

त्याने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग स्टूल आत नेलं आणि चहा आणून दिला, उभ्याने प्यायला. हसला नाही. हसला असता तर मी कप तिथेच ठेवून निघून गेले असते, आणि ही गोष्ट झालीच नसती.

त्याचं नाव हिरासिंग. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. वय अठ्ठावीस, नाव मात्र आजाचं ठेवलेलं. जुन्या मोटरसायकली घेऊन, नीट करून विकायचा. आणि मला गाडी हवीच होती. नुसती हवी नव्हती, दहा दिवसांत हवी होती.

झालं असं की चार महिन्यांपूर्वी गुरांच्या दवाखान्यात एका म्हशीने मला भिंतीवर ढकललं आणि माझं माकडहाड दुखावलं. मी पशुधन पर्यवेक्षकाच्या परीक्षेत पास झालेली, त्यामुळे म्हशीवर राग धरता येईना. हाड सांधत आलं आणि तेवढ्यात ऑर्डर आली. नेमणूक झरी जामणीला. जंगलातली गावं, रोज गुरांमागे फिरायचं, आणि इथून एका बाजूचाच रस्ता शंभर किलोमीटरच्या वर. आई नाही, घरी बाबा एकटे. त्यांनी एकच अट घातली होती. दर शनिवारी घरी यायचं. बसने आलं तर तीन ठिकाणी बदला, अर्धा रविवार रस्त्यातच. आणि डॉक्टर म्हणाले, स्कुटी विसरा, तिची लहान चाकं प्रत्येक खड्डा थेट हाडाला कळवतात. म्हणजे नीट बसवणारी गाडी मिळाली तर नोकरी, नाही तर दहा दिवसांनी सोमवारी मी हजर होणार नाही आणि माझी जागा दुसऱ्याला जाणार. इतकं साधं होतं ते.

मी हे सगळं त्याला उभ्या उभ्या सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. तो ऐकत राहिला आणि मला आत घेऊन गेला.

आत आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हँडलला पुठ्ठ्याचं एक चिटोरं बांधलेलं. एकावर लिहिलं होतं, 'थंडीत लवकर सुरू होत नाही.' दुसऱ्यावर, 'मागचा शॉकअप थकला आहे, दोघं बसाल तर आपटेल.' मी वाचत सुटले. गाडीची नालस्ती करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याने सांगितलं की त्याचा आजा बैलांचा व्यापार करायचा. बाजारात बैलाची खोड आधी सांगायची, भाव मग. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. खोड लपवून विकलेला बैल आजाच्या हातून कधी गेला नाही. "माह्याकडं बैल नाही, गाड्या हायेत. खोड तं सांगाच लागते," तो म्हणाला.

गुरांची माणसं आम्ही. मला हे असं काही आवडलं की मी पटकन खाली वाकून टायर बघायला लागले. चेहरा लपवायला दुसरं काही सापडलं नाही.

मग सुरू झाली आमची गाडीपाहणी. त्याचा नियम होता, दुकानात बसून गाडी कळत नाही. चाळीस किलोमीटर न थांबता चालवायची, मग सांगायचं कुठं दुखतं. मी पुढे, तो त्याच्या गाडीवर मागे. महागावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर पिवळी झालेली, कापसाची वेचणी चाललेली, आणि मी मात्र अख्खा रस्ता आरशात बघत होते. रस्त्यासाठी बघतेय, असं स्वतःला सांगत होते.

पहिली गाडी पुढे झुकवणारी निघाली. दिसायला झोकदार, पण सगळा भार मनगटांवर. दुसरी ठेंगणी, पाय लांब पुढे सोडून ऐटीत बसायची. मला वाटलं हीच. वीस किलोमीटरवर माकडहाडाने बोंब मारली, कारण पाय पुढे गेले की सगळं वजन तिथेच बसतं. तिसरीची सीट गादीसारखी मऊ. त्यावर मी खूश झाले तर तो म्हणाला, घाई नका करू, मऊ सीट तासाभराने खाली दबते. आणि दबलीच. दर वेळी टपरीवर थांबलो की तो एकच विचारायचा.

"कुठं दुखून राह्यलं?"

आणि मी बोटाने दाखवायची. मनगट, पाठ, मान. एकदा तो चहाचा कप पुढे करत असताना आमची बोटं लागली, आणि त्याने विचारलं तर... मला खरंच आठवेना कुठं दुखतंय. तोही कप सोडायला विसरला. चहावाल्या नंदाबाई आमच्याकडे बघत होत्या, त्यांना चांगलंच आठवत असणार.

त्याच दिवसांत त्याने मला दोरा लावायला शिकवलं. पडलेल्या गाडीचं चेसिस, म्हणजे तिचा सांगाडा, वाकलं की ती लांब पल्ल्याला एका बाजूला ओढते आणि माणूस अंग आखडून बसतो. म्हणून मागच्या चाकाला दोरा बांधायचा, दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापलीकडे ताणायचा, आणि दोन्हीकडची फट मोजायची. फट सारखी, तर गाडी सरळ. मी ते लक्ष देऊन शिकले. त्याला वाटलं असणार मी त्याच्या हातांकडे बघतेय. तेही खरंच होतं.

बुधवारी राखाडी गाडी आली. उंच नाही, ठेंगणी नाही. सीट रुंद आणि टणक, हँडल रुंद, पाय बरोबर खाली. पाठ सरळ राहायची, जराशीच पुढे. मी चाळीस किलोमीटर गेले आणि थांबलेच नाही, तशीच परत आले. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी गाडीवरून उतरले आणि तोंड वाकडं झालं नाही.

"कुठं दुखून राह्यलं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. मला नाचावंसं वाटत होतं.

हिरासिंगने मान हलवली आणि कापडाला हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते तरी पुसतच राहिला. उद्या चिटोरं लावतो, मग घ्या, इतकंच बोलला.

गुरुवारी चिटोरं लागलं होतं. 'चेसिस वाकलं आहे. लांब पल्ल्याला चालणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. विचारलं, काल तर सरळ चालली? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, चाळीसात कळत नाही, शंभरात कळते. आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं मला एक क्षणभरही वाटलं नाही. आजासारखी खोड आधी सांगणारा माणूस तो. मला चालेल अशी दुसरी गाडी त्याच्याकडे नव्हती, मी गुपचूप घरी गेले. बाबा जेवताना फक्त म्हणाले, "मंग कळवून टाक त्यायले, येत नाही मनून." बाबांनी मला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

शुक्रवारही तसाच गेला. शनिवारी दुपारी मी गॅरेजवर गेले. निरोप घ्यायला, खरं सांगायचं तर. शटर उघडं होतं, तो पार्ट आणायला गेलेला. राखाडी गाडी कोपऱ्यात होती. सहज, अगदी सहज, मी खिळ्यावरचा दोरा काढला. मागच्या चाकाला बांधला, पुढे दोन विटांना ताणला, बोटांनी फट मोजली.

डावीकडे दोन बोटं. उजवीकडे दोन बोटं.

विटा हलल्या असतील म्हणून पुन्हा ताणला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोजलं, फट तेवढीच. गाडी सुतासारखी सरळ होती.

मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. मी वळले नाही. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तो दोरा पाहिला.

"काहून केलं असं?" मी विचारलं.

त्याने हातातला पार्ट खाली ठेवला. मग म्हणाला, "आजानं खोड कदी लपवली नाही. मी तं नसलेली लिवली."

"मी काहून विचारून राह्यली."

"तुमी त्या दिवशी मनल्या, कुठंच दुखत नाही." तो दोरा गुंडाळू लागला. "मंग तुमी जाणार. मले... मले ते पाहवलं नाही."

हे ऐकायला मी आठ दिवस कान टवकारून होते. आणि आलं तेव्हा माझ्या हातात वीट होती आणि ती मारावीशी वाटत होती. त्याच्यावर माझा जीव जडला होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यानेच माझी नोकरी घालवली असती, हेही त्याच क्षणी.

"थांबायला सांगितलं असतं तं मी नाही मनली असती, पन ऐकून तं घेतलं असतं," मी म्हणाले. "तुमी मले विचारलंच नाही. आता गाडी विका. दुसरं काही बोलू नका."

 तो संध्याकाळपर्यंत गाडीवर राबला. हँडल माझ्या हाताला येईल असं बसवलं, मागे सामानाचं कॅरियर लावलं, सीट पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. दिवेलागणीला गाडी घराच्या दारात आणून उभी केली आणि पायी निघून गेला. मी खिडकीतून बघत होते. एकदाही मागे वळला नाही.

बाबांनी चष्मा लावला आणि हँडलचं नवीन चिटोरं मोठ्याने वाचायला घेतलं. मी धावले, पण उशीर झाला होता. 'गाडीत खोड नाही. आधी लिहिलेली खोटी होती. खोड विकणाऱ्यात आहे. गिऱ्हाईक जाऊ नये असं त्याला वाटलं, अजूनही वाटते. जपून जा.'

बाबा दोनदा गाडीभोवती फिरले. मी जमिनीत शिरायची वाट बघत उभी होते.

"सोताची खोड लिवून देणारा व्यापारी मी बाजारात पाह्यला नाही बाई," ते शेवटी म्हणाले. "राग खरा हाय तुहा. पन विचार कर." आणि आत गेले.

रविवारभर मी विचार केला. म्हणजे रागावले, कपडे भरले, पुन्हा रागावले.

सोमवारी सकाळी निघाले तर गॅरेज उघडं होतं आणि तो दारात उभा होता. मी गाडी बंद केली नाही. त्याच्याकडे पेन मागितलं. त्याचंच चिटोरं उलटं करून टाकीवर ठेवलं आणि लिहिलं. तो बघत होता. लिहून झाल्यावर मी ते त्याच्या शटरच्या कडीला बांधलं आणि निघाले.  आरशात तो लहान लहान होत गेला, कडीशी वाकलेला.

मी लिहिलं होतं, 'एक, राग लवकर येते. दोन, खोटं एकदाच माफ करते. तीन, शनिवारी येते, सोमवारी जाते, आणि हे बदलणार नाही. घ्यायचं असलं तर खोडीसकट.'

घाटंजी गाव मागे पडलं. फोन वाजला नाही. चिटोरं वाऱ्याने उडालं असेल. किंवा तिसरी खोड जड गेली असेल. पांढरकवड्याला चहाला थांबले तोवर माझा राग पार संपला होता आणि नुसती भीती उरली होती. तेव्हा फोन वाजला.

"तिन्ही मंजूर," तो म्हणाला. धापा टाकत होता. "पैल्यांदा तांड्यावर आलो. मायले वाचून दाखवलं, मंग फोन केला. यावक्ती विचारून केलं."

मी फोन कानाशी घट्ट धरला.  मग त्याने नेहमीचंच, हळूच विचारलं.

"कुठं... कुठं दुखून राह्यलं?"

"माकडहाडात नाही," मी म्हणाले, आणि शनिवारी किती वाजता पोचेन ते सांगितलं.