महादेवीबाईंचा भिंतीवरचा फोटो

“तिकडं सावली न्हाई, पाणी न्हाई. कशाला जायचं तडफडायला?”

अगदी कानाशी कुणीतरी कुरकुरलं.

“अगं आई, चारठाण्याला जाताना टोप्या घेऊ की,” रुद्राणी सवयीनं बोलून गेली...

आणि तिनं मागं वळून पाहिलं.

आईला जाऊन पाच महिने झाले होते.

हे घडलेलं आहे. पदरचं एक अक्षर नाही. यंदाच्या संक्रांतीनंतरचा रविवार, मानवत, मोंढ्याच्या रस्त्यावरचा फोटो स्टुडिओ. रात्र म्हणाल तर तीही नव्हती. दुपारचे साडेतीन. भुतं घड्याळ बघून येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथंच थांबावं.

स्टुडिओ लिंगराजअप्पांचा. मागं घर. दरवर्षी संक्रांत झाली की अप्पा एक दिवस शटर ओढायचे आणि बायकोला, लेकीला घेऊन कुठंतरी फोटो काढायला जायचे. लग्नाचे नाही, बारशाचे नाही, मनाचे फोटो. जागा अप्पा सुचवायचे. महादेवीबाई प्रत्येक जागेला नावं ठेवायच्या. आणि एकदा ठरलं की मुकाट्यानं धपाट्यांचा डबा भरायच्या.

बाईंची एक गंमत होती. कॅमेरा समोर आला की डोळे मिटायच्या. हटकून. लग्नाच्या फोटोत मिटलेले, आधार कार्डावर अर्धवट. तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचे उघडे डोळे तीस वर्षांत एकदाही टिपता आले नाहीत.

त्या गेल्या आणि अप्पांनी कॅमेरा खाली ठेवला.

शटर अर्धं वर. माणूस आत नुसता बसलेला. गिऱ्हाईक आलं की “बंद हाय” म्हणायचं. जेवण अर्ध्यावर आलं होतं. म्हणून रुद्राणी नांदेडहून रजा काढून आली होती. एकदा कॅमेरा हातात आला की माणूस हाताला लागेल, असं तिचं गणित.

“चारठाण्याला जाऊ, अप्पा. जुनी देवळं, दगडी खांब...”

“नगं.”

“येलदरीला? पाण्यावर पक्षी आलेत म्हणं.”

“नगं.”

“मग पोखर्णी. जवळ हाय, नरसिंहाचं दर्शन बी होईल.”

मागच्या स्वयंपाकघरात... डब्याची कडी वाजली.

टक्.

अप्पांची बहीण, सविताआत्या, दारात हरभरा सोलत बसली होती. तिच्या हातातला घाटा हातातच राहिला.

“मांजर आसंल,” ती म्हणाली.

घरात मांजर नव्हतं.

“आत्या, तुला बी ऐकू आलं ना?”

“मला काय ऐकू येतंय बाई? माजे कान आता तुज्या वरातीत बँड वाजला की उघडतेत.”

लग्नाचं ते वेगळंच दुखणं होतं. स्थळांना पाठवायला फोटो हवा, आणि पाच महिन्यांत रुद्राणीचा एकही फोटो धड आला नव्हता. सगळ्यांत डोळे मिटलेले. ऑफिसात काढलेले मिटलेले. मैत्रिणीच्या हळदीतले चाळीसच्या चाळीस मिटलेले. “आईवर गेलीस गं,” म्हणून मैत्रिणी हसल्या. तीही हसली.

फक्त दोनदा तिला हसू आलं नव्हतं. एकदा बसस्टँडवर, एकदा ऑफिसात. भर दिवसा समोरचं सगळं काळं झालं... दहा-दहा मिनिटं. घाबरून तिनं अप्पांनाच फोन लावला होता. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.

“बरं, जागा मागून ठरवू,” तिनं कपाटातून कॅमेरा काढून अप्पांपुढं धरला. “आधी माझा एक फोटो काढा. इथंच.”

“नगं, रुद्री.”

“एकच. माझ्यासाठी.”

अप्पांनी कॅमेरा घेतला. बोटं आपसूक जागेवर बसली. रुद्राणीनं ओढणी सारखी केली. पडद्यापुढच्या स्टुलावर ती बसली. समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता.

काल रात्री त्यावर टॉवेल होता. “धूळ बसती,” आत्या म्हणाली होती.

आता टॉवेल खाली पडलेला होता.

त्यांच्या लिंगायत घरात माणूस गेलं की निजवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि तसाच शेवटचा फोटो काढतात. मग अप्पा जुन्या फोटोतले डोळे घेऊन, ते मिटलेले डोळे कॉम्प्युटरवर उघडून द्यायचे. त्या कामात अप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पार पाथरीपासून लोक यायचे.

भिंतीवरच्या फोटोत आईनं डोळे टक्क उघडले होते.

आणि ती रुद्राणीकडं बघत होती.

खट्.

अप्पांनी स्क्रीनवर पाहिलं... आणि कॅमेरा टेबलावर पालथा ठेवला.

“मिटलेच न्हवं?” आत्यानं हळूच विचारलं.

अप्पांनी होकारार्थी मान हलवली.

आत पुन्हा कडी वाजली. मग पावलं... दारापर्यंत. मग काहीच नाही.

आणि कानाशी, अगदी खुशीत,

“कुटं बी चला गं. आता मला समदं दिसायलंय.”

रुद्राणी उठली. फोटोजवळ गेली.

“तिकडं नगं बगू,” आत्या म्हणाली. “चल, चहा ठेवू.”

“अप्पा, आईचा उघड्या डोळ्यांचा फोटोच नव्हता आपल्याकडं. मग हे...”

तिला दिसलं. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात मोहरीएवढा तपकिरी ठिपका. लहानपणी शेतात कापसाच्या पऱ्हाटीचं टोक लागलं होतं, त्याचा.

आईला नव्हतं लागलं. रुद्राणीला लागलं होतं.

“अप्पा?”

“तुजे हायत,” अप्पा म्हणाले. “दुसरे कुटून आणू? तिला तसंच डोळे मिटून भिंतीवर टांगू वाटंना मला.”

“मग मिटा की! आत्ताच्या आत्ता मिटा!”

अप्पांनी मान वर केली नाही.

“मिटले व्हते. दोनदा.” त्यांनी पडलेला टॉवेल उचलला. “दोन्ही बारीला तुजाच फोन आला, रुद्री... अप्पा, मला काईच दिसंना म्हून.”