येते हं

चष्मेवाल्याची बायको तापाने महिनाभर शहरातल्या मोठ्या इस्पितळात पडून होती. सकाळच्या गाडीने जायचं, तिच्या उशाशी बसायचं, दुपारच्या गाडीने परतायचं, हा त्याचा नेम. माणूस पार खंगला होता. खंगणारच, इतक्या वर्षांत तिच्याशिवाय त्याने साधा चहासुद्धा कधी घेतला नव्हता.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर रोज एक बाई असे. डोळ्यांना चष्मा नाही, आणि नजर अशी तीक्ष्ण, की पुढच्या स्टेशनची पाटी ठिपक्याएवढी असतानाच ती वाचून दाखवी. धंद्यातल्या माणसाला त्याचं कौतुक वाटलं. पुलाआधी गाडी हळू झाली की ती उठे.

"येते हं."

"या," तो म्हणे. निघणाऱ्याला 'जा' थोडंच म्हणतात?

पुलापाशी स्टेशनच नाही, हे त्याच्या ध्यानात यायला आठ दिवस लागले. त्याने उठून पाहिलं. डब्याचं दार आतून कडी घालून बंद होतं. गेली असेल पुढच्या डब्यात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बुधवारी बायकोने त्याची बाही धरली.

"अहो, गाडीत तुमच्यासमोर बसते ना, तिला 'या' म्हणू नका."

"तुला कोणी सांगितलं?"

"रोज येते ती. परवा दारात होती. काल पलंगावर बसली."

परतताना तो ओठ घट्ट मिटून बसला. त्याला भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी. पूल आला. बाई उठली.

"येते हं."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाई हलेना. गाडीही हलेना.

"येते हं," ती पुन्हा म्हणाली, मायेने.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. उभा जन्म दुकानात गिऱ्हाइकांना निरोप देण्यात गेलेला. जीभ आपली आपण वळली.

"या."

दुसऱ्याच दिवशी बायकोचा ताप उतरला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. शनिवारी तो तिला घेऊन गाडीत बसला, तेव्हा समोरचा बाक रिकामा होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

घरात शिरायचं तर दुकानातूनच.

"आले हं," ती उंबऱ्यात म्हणाली.

तिचा चष्मा त्याच्याच खिशात राहिला होता. नंबर नऊ, चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात दिसत नसे. तो घाईने द्यायला वळला.

ती दारातूनच समोरच्या भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचत होती.