पाठमोरी

बसा. दार अर्धं लोटलंय म्हणून दचकू नका. जुलै आहे.

लिमाच्या या हिरोन रस्त्यावर एके काळी बायका हातमोजे घालून मिरवायला येत. आता तळलेली कोंबडी, चष्मेवाले, गोंदणवाले आणि गिऱ्हाइकाला हाताला धरून ओढणारी पोरं. त्यांची तोंडं कधी बंद नसतात. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका दुपारी मात्र झाली.

मी आमच्या या कापडदुकानात जांभळा झगा शिवत होते. ऑक्टोबरातल्या ख्रिस्ताच्या मिरवणुकीत माझी लेक इसोलिना पहिल्यांदाच धूप धरणार होती. धूपवाल्या बायका त्याच्या तसबिरीला पाठ दाखवत नाहीत, तिच्याकडे तोंड करून उलट्या चालतात. इसोलिना रिकामं धुपाटणं घेऊन दुकानभर सराव करायची.

"महाराणी, आज तरी कपाट पाडू नका," मी म्हणाले. झगा तिच्या अंगावरच होता. जांभळा दोरा संपला, म्हणून एक बाही पांढऱ्याने टाचली.

इतक्यात शेजारचा टोपीवाला म्हातारा फौस्तो धापा टाकत आला. "शेजारीणबाई, दार लोटा. ऐकताय ना?"

ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. चौकापासून आमच्या दिशेने एकेक आरोळी विझत येत होती. मग धुपाचा वास आला. धुक्यातून एक जांभळी पाठ निघाली, डोक्यावर धूपवाल्या बायकांची पांढरी जाळी... उलटी चालत. एकटीच. ना मिरवणूक, ना वाजंत्री.

"आई, ही बघतेय कुणाकडे?" इसोलिना कुजबुजली.

"नुसती पाठ बघ, पोरी," फौस्तो म्हणाला. "ती पुढे सरकली की डोळे मिट. तिच्यासमोर जे येतंय... ते बघायचं नाही."

मी डोळे मिटले. दारासमोरून काहीतरी फार जड गेलं. कपाटाच्या काचा थरथरल्या.

आरोळ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा इसोलिना नव्हती. उंबऱ्यावर एक जुनं, काळं पडलेलं धुपाटणं होतं. ते गरम होतं. मी रस्ताभर ऊर फुटेस्तोवर हाका मारल्या. पोलीस आले, गेले.

पुढच्या जुलैत पाठ पुन्हा आली. एका बाहीला पांढरा दोरा होता.

लेकीचं तोंड बघायचं तर ती पुढे सरकल्यावर डोळे उघडे हवेत, आणि तेव्हा दारासमोर ते असतं. इतकी वर्षं मी भ्याले. आईची जात, तरी भ्याले.

माझ्या अंगावरच्या झग्याकडे काय बघताय? मीच शिवलाय. आणि हे धुपाटणं जरा धरून बघा... सकाळपासून कोमट लागतंय ना?

द्या इकडे. चष्मेवाला गप्प झाला. तुम्ही डोळे मिटा.