रिंगचा खडखडाट

कंपनीचा बास्केटबॉल संघ जिंकला, तर नंदूचा फायदा चांगलाच घसघशीत होता. पोरांची ओरडा-पलटण जमवल्याबद्दल वडापाव आणि रंगीत सोडा तर रोजचाच. पण खरा लाभ पुढेच! संघाचा कॅप्टन म्हणजे त्याचा सख्खा गुणाजीमामा, आणि मामा कंपनीत अजून टेंपररी. चषक आला की तो कायम होणार, असं वेल्फेअर ऑफिसर चंद्रप्रकाशसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. कायम झाला की मामाला विक्रोळीच्या कॉलनीत खोली, आणि नंदूला घरात पाय लांब करून झोपायला जागा!

म्हणून उपांत्य सामन्यात तो तेलाचा रिकामा डबा फुटेस्तोवर बडवत होता. संघ जिंकलाही. पलटणीतली सुलक्षणा मात्र खांबाशी चिडीचूप बसून होती.

"काय गं, फितूर झालीस?" नंदूने विचारलं.

"घसा बसलाय, माकडा!" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण त्यामुळेच एक गंमत ऐकू आली. त्यांचा बॉल रिंगवर आपटला की नुसतं टण्ण! आपला आपटला की रिंग खडखडते."

"आपल्या बाजूची रिंग जुनी असेल," माणिक म्हणाला. सगळ्याला साधं उत्तर शोधण्यात माणिक पटाईत.

"मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात ना? मग खडखडाटही बाजू बदलतो! आणि साहेब आपल्याला कधी बोंबलायला लावतात? आपला माणूस बास्केट मारताना! अरे, तेव्हा तर त्याला शांतता हवी!"

नंदूने डोकं खाजवलं. साहेबांना खेळातलं काही कळत नाही, असं तो आजवर समजत होता. आता वाटलं, जरा जास्तच कळत असावं.

"मध्यंतरात शिडीवर कोण चढतो?" त्याने विचारलं.

"काशीराम शिपाई. जाळी बांधायला," माणिक म्हणाला आणि मग त्याचेच डोळे विस्फारले. "पण जाळी तर सुटलेलीच नसते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान रिकामं होतं. माणिकने शिडी धरली आणि नंदू वर चढला. एका रिंगचे बोल्ट घट्ट होते. दुसरीचे इतके ढिले, की हात लावताच ती डुगडुगली! सुलक्षणाने बॉल टाकून पाहिला. घट्ट रिंगने तो उडवून लावला. ढिल्या रिंगवर तो मऊ पडला, घुटमळला आणि अलगद आत घसरला.

"वाट लागली!" माणिक ओरडला. "आपला संघ ज्या रिंगमध्ये मारणार, ती ढिली. मध्यंतरात काशीराम अदलाबदल करतो!"

"आणि ती खडखड झाकायला आपला दंगा," सुलक्षणा म्हणाली. "आपण संघासाठी ओरडत नव्हतो रे. ढिल्या बोल्टांसाठी ओरडत होतो!"

नंदू शिडीवरच बसून राहिला. "मामाला हे ठाऊक असेल?"

सुलक्षणाने बॉल उचलून काखेत मारला.

"अंतिम सामना होऊ दे. मग बघू," तो पुटपुटला. "मामा कायम होणार आहे गं..."

"मग तू बडव डबा," सुलक्षणा म्हणाली. "मी नाही येणार ओरडायला."

अंतिम सामना मुलुंडच्या कारखान्याशी. सुलक्षणा आली होती, पण पलटणीपासून लांब, हाताची घडी घालून बसली होती. उत्तरार्धात दोन्ही संघांची बरोबरी. बॉल गुणाजीमामाच्या हातात आला. चंद्रप्रकाशसाहेबांनी रुमाल हलवला. नंदूने काठी उचलली, मामाकडे पाहिलं, आणि काठी खाली ठेवली.

"पलटण, गप्प!"

मैदान एकदम शांत झालं. मामाने बॉल फेकला.

खड्‌खड्‌खड्‌खड्‌!

बास्केट झाली. पण मामाचं लक्ष गुणफलकाकडे गेलंच नाही. तो रिंगकडे बघत राहिला.

"ओरडा रे! डबा वाजव!" साहेब दातओठ खात म्हणाले.

"घसा बसलाय, साहेब," नंदू गरिबासारखा म्हणाला.

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा!" माणिक खणखणीत आवाजात ओरडला.

तोवर मामा पंचांकडे पोचला होता. "पंच, सामना थांबवा. ही रिंग ढिली आहे. आमची ही बास्केट धरू नका."

साहेबांनी कपाळावर हात मारला. काशीराम गर्दीतून सटकायला वळला, तर त्याच्या खिशातून पानाच पडला! पंचांनी दोन्ही रिंगांचे बोल्ट आवळून घेतले, ती बास्केट पुसली आणि शिट्टी फुंकली.

मग काय खेळला मामा! मुलुंडच्या खेळाडूच्या पायात गोळा आला, तेव्हा स्वतः बॉल सोडून त्याला उठवायला धावला. पलटण बेंबीच्या देठापासून ओरडत होती, चुकलेल्या बॉललासुद्धा! शेवटच्या क्षणी मामाचा बॉल रिंगवर टण्ण आपटला आणि बाहेर आला. मुलुंड एका बास्केटने जिंकलं!

नंदू तरीही डबा बडवतच होता. घामाने निथळणारा मामा जवळ आला. "नंद्या, हरलंव तरी डबो वाजवतंस कित्याक रे?"

"आज आपल्याला वाजवावासा वाटतोय, मामा!"

माणिककडून सगळी हकीकत ऐकून कंपनीचे मॅनेजरसाहेब पुढे आले. त्यांनी नंदू, माणिक आणि सुलक्षणा, तिघांच्या पाठीवर थाप मारली. "कंपनीची अब्रू तुम्ही राखलीत, पोरांनो! नाहीतर हा चषक आम्हाला फडताळात लपवावा लागला असता." मग ते मामाकडे वळले. "गुणाजी, कायम करायची मंजुरी चषकावरच होती. आता पुढच्या वर्षीच."

"चालेल, साहेब," मामा म्हणाला.

त्या खोट्या बास्केटींची भरपाई शेवटी अशी झाली: चंद्रप्रकाशसाहेबांची खुर्ची गेली आणि त्यांना भंगाराच्या गोदामावर पाठवलं, तर काशीरामच्या वाट्याला लेखी ताकीद आली. सर्वांत मोठा भुर्दंड मात्र बसला गुणाजीमामाला, ज्याने एकही बोल्ट ढिला केला नव्हता. एक अख्खं वर्ष! आणि भरणाऱ्यांत हसत भरणारा तो एकटाच होता.