अस्वलाशेजारचं पाऊल

"हे अस्वलाच्या पिल्लाचं मागचं पाऊल," वर्गातला तरुण मास्तर सांगत होता, आणि त्याच्या हातात माझं पाऊल होतं.

मी खिडकीबाहेर वळचणीला उभी होते. पाऊस बारीक, कंटाळलेला, सकाळपासून एकाच सुरात लागलेला. बाबा गेल्यावर, शाळेत राहिलेली त्यांची पेटी न्यायला मी आले होते. अभयारण्याच्या कडेच्या गावांतून बाबा आयुष्यभर ही पेटी घेऊन हिंडले. चिखलात उमटलेल्या पावलात प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलायचं आणि शाळेत मुलांच्या हातात द्यायचं – लांडगा, हरीण, रानमांजर, अस्वल. कोणाची वाट कुठून जाते हे मुलांना कळलं की मुलंही वाचतात आणि जनावरंही, असं ते म्हणत. मुलं त्यांना पाऊलआजोबा म्हणायची.

"सर, याला नखं कुठायत?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"पिल्लू आहे ना. अजून फुटली नसतील."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही इतक्या मोठ्याने की सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"काही चुकलं का?" मास्तरने विचारलं.

"फारसं नाही. फक्त ते पिल्लू मी आहे."

मुलांना पुरावा हवा होता. मी आत जाऊन चप्पल काढली. अंगठ्यापेक्षा लांब असलेलं शेजारचं बोट, आत वळलेली करंगळी... त्या मुलीने ठसा माझ्या पायाशी धरून नीट पाहिलं. "तीच आहे," तिने निकाल दिला. "वाढलीये एवढंच."

मास्तरचे कान लाल झाले. "म्हणजे मी गावोगाव तुमचं पाऊल दाखवत फिरतोय? परवा वरच्या वस्तीतलं कोणी लाकडं आणायला गेलं नाही. ओढ्याकाठी पिल्लाची पावलं दिसली, आई जवळपास असणार म्हणून."

"मग? होती कोणाची?"

"आता वाटतंय... पोस्टमनच्या धाकट्याची."

वर्ग खिदळला. तोही हसला. मग मुलांकडे वळून म्हणाला, "मी चुकलो. आता बरोबर काय ते ऐका." आणि खडू माझ्या हातात दिला. इतक्या सहज 'चुकलो' म्हणणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बाबांचा धडा मला तोंडपाठ होता. मी मोठ्या अस्वलाचा ठसा माझ्या ठशाशेजारी ठेवला. "दोन्ही सारखीच वाटतात ना? आता सगळ्यात जाड बोट शोधा. आपलं आतल्या बाजूला. अस्वलाचं बाहेरच्या." भराभर चपला निघाल्या, पाय बाकांवर चढले. यासाठीच बाबांनी माझं पाऊल अस्वलाच्या खणात ठेवलं होतं. नव्या मास्तरला ते सांगायचं राहून गेलं. बाबांचं बरंच काही राहून गेलं.

शाळा सुटल्यावर तो एकेक ठसा पुसून पेटीत ठेवत होता.

"पेटी तुमची आहे. न्या," तो म्हणाला. "मी हळूहळू नवे ठसे करेन."

"सगळी नको. आईला एवढंच हवंय." मी माझं लहान पाऊल उचललं, उलटं केलं. मागे एक खळगा होता.

"तो प्रत्येक ठशामागे आहे," तो म्हणाला. "आधी मला वाटलं, फुटलंय. मग लक्षात आलं – वाळलं का बघायला सर अंगठा दाबत असणार."

मी माझा अंगठा त्यात ठेवला. बाबांचा रुंद होता, माझा आत हलत राहिला. तो उठून खिडकीशी गेला, आणि मी हाक मारेपर्यंत पाठमोरा उभा राहिला.

"हे नेलं तर धडा अडेल ना?"

"अडेल," तो म्हणाला. "पण आताचा पाय मिळाला तर..."

"मागणी घालायची ही पद्धत नवीन दिसते."

"मी ठशाबद्दल बोलत होतो."

"फक्त?"

तो ओढ्याकडे जायची तयारी करू लागला. प्लास्टरचा डबा मात्र दोनदा हातातून सुटला.

पाऊस थांबला होता. ओढ्याकाठी मी चिखलात पाऊल टेकवून अलगद उचललं. त्याने गुडघे टेकून त्यात प्लास्टर ओतलं – सावकाश, जसं कोणी निजलेल्यावर पांघरूण घालावं.

"वाळायला किती वेळ?"

"तुमची बस कधी आहे?"

"थोड्या वेळात."

"त्याहून जास्त," तो म्हणाला.

आम्ही दगडावर बसलो. मी त्याला बाबांचे शेवटचे दिवस सांगितले. दवाखान्यात फरशी पुसलेली असायची, ओल्या फरशीवर नर्सची पावलं उमटायची. बाबा पडल्या पडल्या म्हणायचे, 'घाईत आहे बिचारी, टाच टेकत नाहीये.'

"मी त्यांना एकदाच भेटलो," तो म्हणाला. "खूप शिकायचं होतं त्यांच्याकडून."

"मलाही."

वर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

"परत याल?" त्याने विचारलं.

"कशाला?" मला ऐकायचं होतं.

"धड्यासाठी." मग चिखलाकडे बघत – "नाही. चुकलो. माझ्यासाठी."

"आई घरी एकटी आहे," मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, आणि त्याने दुसरं मागितलंही नाही. मी वाकून प्लास्टरवर अंगठा दाबला. तो आत रुतला.

"ओलं आहे अजून. घाई करू नका, मोडेल."

"नाही करणार."

"वाळलं की अस्वलाशेजारी ठेवा. आणि मुलांनी विचारलं कोणाचं, तर सांगा – येणार आहे ती."

बसमध्ये माझं लहान पाऊल मांडीवर होतं. वळणावरून ओढा दिसला. तो तिथेच बसला होता, माझ्या पावलाशेजारी. मग झाडं आडवी आली. मी बाबांच्या खळग्यात अंगठा ठेवला, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा रडले.